शस्त्रकर्म आणि संगीत

वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीत गीत व वाद्य यांत कुशल परिचारक रुग्णाजवळ असावेत, असे चरकसंहितेच्या उपकल्पनीय अध्यायात सांगितले आहे. शस्त्रकर्माबाबत २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ७३ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. संगीताने शस्त्रकर्मोत्तर वेदना, चिंता व वेदनाशामकांची गरज कमी झाली. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांतही लाभ दिसला. जागेपणी तो अधिक होता. संगीताच्या निवडीने मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणून अमुक व्याधीवर अमुक राग, अशी हमी देऊन ध्वनिमुद्रिका विकणे आम्हांस उचित वाटत नाही. रुग्णास त्याच्या आवडीचे संगीत सुचवावे, भूलतज्ज्ञांची संमती घ्यावी आणि वेदनाशामक परस्पर बंद करू नये. संगीत उपचारास पूरक आहे, पर्याय नव्हे.