खिशातील यंत्रांचा हिशेब

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेत आल्यापासून आपण घसारा शिकत आलो आहोत. उदाहरणे ठरलेली असतात : कारखान्यातील यंत्र, कचेरीतील फर्निचर, मालवाहू मोटार. ह्या वस्तू आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी असतील. उलट कॅमेरा, गाणी ऐकण्याचे यंत्र, मोबाइल फोन ह्या वस्तू आपल्या खिशात किंवा पिशवीत रोज असतात आणि त्यांच्यासाठी आईवडिलांनी महिनोन् महिने पैसे बाजूला टाकलेले असतात. तरीही त्यांचा घसारा सहसा कोणी काढून पाहत नाही. तो काढून पाहावा, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हिशेब करताना मला दोन गोष्टी दिसल्या. दुकानात दिलेली किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ असतो; आणि यंत्रात आपण जे साठवतो, ते पुष्कळदा यंत्राहून मोलाचे असते.

आकड्यांचे चित्र, आकड्यांचे गाणे

प्रथम ही यंत्रे काय करतात ते पाहू. जुन्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा परिणाम फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर होत असे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म बिंदूंची चकती असते. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला, त्याचा आकडा नोंदला जातो आणि अशा आकड्यांचे मिळून चित्र बनते. ह्या जातीचा आरंभीचा कॅमेरा अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने १९७५ साली तयार केला. त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत.

गाण्याचेही तसेच आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ध्वनीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते, तेही डावी व उजवी अशा दोन बाजूंसाठी वेगवेगळे. ह्या हिशेबाने चार मिनिटांच्या एका गाण्यास सुमारे ४२ मेगाबाइट जागा लागते. कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून तेच गाणे चार मेगाबाइटांत बसवण्याची एमपी-थ्री ही पद्धत १९९०च्या दशकात प्रचारात आली. म्हणूनच ३२ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डात सुमारे ८,००० गाणी मावतात. तेवढ्यांसाठी साठ मिनिटांच्या पाचशेहून अधिक कॅसेटी लागल्या असत्या.

झीज आणि कालबाह्यता

घसाऱ्याची दोन मुख्य कारणे आपण पाठ केलेली आहेत : वापराने होणारी झीज आणि नवे यंत्र आल्यामुळे येणारी कालबाह्यता. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य दिले आहे. त्यात चित्रपट-निर्मितीच्या यंत्रसामग्रीला १३ वर्षे दिली आहेत आणि लॅपटॉपला फक्त ३. लॅपटॉप तीन वर्षांत मोडतो असा ह्याचा अर्थ नव्हे. ह्या वस्तूंच्या बाबतीत झिजेपेक्षा कालबाह्यता आधी येते, हे त्यावरून ध्यानात येते.

बाजाराचा इतिहास हेच सांगतो. चालता चालता कॅसेट ऐकण्याचे सोनीचे वॉकमन १९७९ साली आले. अॅपलचा आयपॉड २००१ साली आला आणि २०२२ साली कंपनीने तो बंद केला. जपानी कॅमेरा-उत्पादक संघाच्या आकडेवारीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२३ साली ही संख्या ७७ लाखांच्या आसपास आली. मधल्या काळात मोबाइल फोनने साधा कॅमेरा, गाण्याचे यंत्र, रेडिओ, घड्याळ ही सर्व कामे आपल्याकडे घेतली. ज्या कोडॅकमध्ये डिजिटल कॅमेरा घडला, त्याच कंपनीला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. समजा, एक चांगला कॅमेरा ४५,००० रुपयांस घेतला आणि शेवटी तो ५,००० रुपयांस विकला जाईल. एकूण घसारा ४०,००० रुपये. अनेक कॅमेऱ्यांचे शटर सुमारे एक लाख वेळा उघडझाप करील अशा बेताने बनवलेले असते. माझा चुलतभाऊ लग्नामुंजींची छायाचित्रे काढतो. तो वर्षाला २५,००० चित्रे काढतो असे धरले, तर चार वर्षांत शटरचे आयुष्य संपेल आणि दर चित्रामागे घसारा ४० पैसे पडेल. तोच कॅमेरा हौसेखातर एखाद्या विद्यार्थ्याने घेतला आणि वर्षाला २,००० चित्रे काढली, तर शटर पन्नास वर्षे पुरेल. पण कॅमेरा आठ वर्षांत कालबाह्य होईल. म्हणजे वर्षाला ५,००० रुपये आणि दर चित्रामागे अडीच रुपये. यंत्र तेच, किंमत तीच. खर्च मात्र सहापटीहून अधिक. स्नेहसंमेलन व सहल मिळून वर्षातून तीनच दिवस चांगला कॅमेरा लागत असेल आणि तो दिवसाला हजार रुपये भाड्याने मिळत असेल, तर भाडे तीन हजारच होते. अशा वेळी विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे ठरते.

मोबाइल फोनचा हिशेब निराळा आहे. त्यात आधी थकते ती बॅटरी. पुष्कळ फोनच्या बॅटऱ्या सुमारे ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरतात. २४,००० रुपयांचा फोन तीन वर्षांनी टाकून दिला, तर वर्षाचा खर्च ८,००० रुपये. तिसऱ्या वर्षी दोन हजारांची नवी बॅटरी घालून तोच पाच वर्षे वापरला, तर वर्षाचा खर्च ५,२०० रुपये. दरवर्षी वाचलेल्या २,८०० रुपयांत एका विद्यार्थ्याची क्रमिक पुस्तके येऊ शकतात. अर्थात, कंपनी त्या फोनला सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार आहे, हे घेतानाच विचारून घ्यावे.

‘बिनव्याजी हप्ते’ ह्या पाटीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. व्याज कोठेतरी दडलेले असते : प्रक्रिया शुल्कात, नाहीतर रोखीने घेणाऱ्यास मिळणाऱ्या आणि आपल्याला न मिळालेल्या सवलतीत. दोन्ही किमती विचारून वजाबाकी केली, की ते सापडते.

बिल का मागावे?

आपल्या हैदराबादेत अशा वस्तूंसाठी कोठीची गुजराती गल्ली, आबिड्सचे जगदीश मार्केट, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही ठिकाणे सर्वांना माहीत आहेत. तेथे फिरण्यातही पुष्कळ शिक्षण आहे. भाव कसा ठरतो हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळते. परंतु खरेदी कोठेही केली, तरी बिलाचा आग्रह धरला पाहिजे.

वर उल्लेखिलेल्या चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी शहरातील एका दुकानातून वापरलेला कॅमेरा घेतला. बिलाऐवजी त्याला साध्या कागदाची चिठ्ठी मिळाली. तीवर ना शिक्का, ना कॅमेऱ्याचा क्रमांक. दोन महिन्यांत शटर अडकले, तेही ऐन लग्नसराईत. दुकानदाराने कॅमेरा आपल्याकडचा नव्हेच म्हणून सांगितले. दुरुस्तीला किमतीच्या एक-तृतीयांश रक्कम गेली आणि ठरलेली दोन कामे हातची गेली ती वेगळीच. काकांनी त्या पैशांसाठी सोसायटीचे कर्ज काढले होते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. मालाचे बिल न देणे ही ह्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे यंत्राचा क्रमांक लिहिलेले बिल. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे की नाही, हेही पाहावे. ती नसेल तर माल आडमार्गाने आलेला असण्याचा संभव असतो आणि त्यावरील हमी येथे चालेलच असे नाही.

आतला माल

आतापर्यंतचा हिशेब रुपयांचा झाला. पण ह्या यंत्रांत जे साठते, ते कोणत्याच खतावणीत येत नाही.

माझे आजोळ बीदरचे. घरी आईशी कन्नड आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत मी वाढलो. पं. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि त्यांचीच कन्नड दासरपदे एकाच कपाटात ठेवणारी आमच्यासारखी घरे ह्या शहरात पुष्कळ आहेत. आमच्या कपाटात आणखी एक कॅसेट आहे : अज्जीने म्हटलेली दासरपदे. अज्जी आता नाही. मामांनी ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती आणि दुसरीकडे कोठेही तिची प्रत केली नव्हती. फोन पाण्यात पडला आणि आवाज गेला. कॅसेट मात्र टाकून दिली नव्हती, म्हणून अज्जीचा आवाज आज आमच्याकडे आहे. थोडा थरथरता आहे, पण आहे.

ह्याच शहराशी संबंधित आणखी एक उदाहरण घ्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ सिकंदराबादेत होता. ते १९०५ साली वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २,८५७ निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच फुटणारी वस्तू, तरी शंभर वर्षांहून अधिक टिकली. कारण ती कोणीतरी सांभाळली. आपल्या मेमरी कार्डातील नोंद म्हणजे साठवलेला सूक्ष्म विद्युतभार. तो कायमचा टिकत नाही. मात्र आकड्यांचा एक मोठा गुण असा, की त्यांची नक्कल मूळइतकीच शुद्ध उतरते. कॅसेटवरून कॅसेट काढली की आवाज दर वेळी थोडा उतरतो; आकड्यांचे तसे होत नाही. म्हणून जाणकार मंडळी एक साधा नियम सांगतात : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मामांच्या फोनसोबत एवढे झाले असते, तर गेला असता तो केवळ फोन.

समारोप

तेव्हा अशी वस्तू घेण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे काढावीत, असे मला सुचवावेसे वाटते. वर्षातून मी ही किती वापरीन? ती किती वर्षे चालेल आणि मधे काय बदलावे लागेल? बिल व हमी कोणाची? आणि हिच्यात जे साठेल त्याची दुसरी प्रत कोठे राहील? पहिल्या तीन प्रश्नांनी पैसा वाचेल. चौथ्याने जे वाचेल, त्याची किंमत आपल्या घसाऱ्याच्या कोष्टकात कोठेच सापडणार नाही. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी किंवा जुन्या निगेटिव्ह पडून असतील, त्यांनी येत्या सुट्टीत त्यांच्या तीन प्रती करण्याचे काम हाती घ्यावे, ही विनंती.