गिलानसेवा : धम्माची शिकवण आणि घरातील औषधोपचार



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याजवळ कोणीही नव्हते. भगवान बुद्ध आयुष्मान आनंदासह विहाराची पाहणी करीत तेथे आले. चौकशी करता कळले की, हा भिक्खू इतरांच्या कधी उपयोगी पडला नव्हता, म्हणून इतर भिक्खूही त्याच्याकडे पाहात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. नंतर दोघांनी डोक्याकडून व पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भगवंतांनी भिक्खूसंघाला एकत्र बोलावून उपदेश केला. येथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, आणि ज्याला तथागताची सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

हा प्रसंग आपण वर्षावासात अनेकदा ऐकतो. परंतु त्याच ठिकाणी भगवंतांनी रुग्णाची सेवा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत, त्यांच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते असे : (१) त्याला औषध तयार करून देता येते. (२) रुग्णाला हितकर काय व अहितकर काय हे तो जाणतो. (३) तो लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो. (४) मलमूत्र, थुंकी, वांती यांची तो किळस करीत नाही. (५) वेळोवेळी धम्मकथेने तो रुग्णाला धीर देतो. रुग्णाचेही पाच गुण तेथे सांगितले आहेत. तो हितकर तेच करतो, मात्रा जाणतो, औषध घेतो, आजार खरा सांगतो आणि वेदना सहन करतो.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या परिचारिका-प्रशिक्षणात जशीच्या तशी शोभेल. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. परंतु डॉक्टर औषध लिहून देतात, ते पोटात जाते घरी, आणि घरी ते देणारे आपणच असतो. म्हणून या गुणांच्या आधारे घरातील औषधोपचाराचा थोडा अभ्यास करू.

औषध देता येणे

औषध देता येणे म्हणजे केवळ गोळी हातावर ठेवणे नव्हे. परिचारिकांना सुरुवातीलाच शिकविले जाते की योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळल्याशिवाय औषध देऊ नये, आणि दिल्यावर त्याची नोंद करावी. आम्ही बँकेत धनादेश वटविताना तारीख, नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम आणि सही पाहतो. एक जरी जुळली नाही तरी धनादेश परत जातो. पैशाच्या बाबतीत जी दक्षता, ती शरीराच्या बाबतीत का नसावी? एक शंभर पानी वही घ्यावी. तीत औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि दिल्याची खूण करावी. रुग्णालयात जाताना हीच वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर अशी अक्षरे असतात ती हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असते. ती कुटून दिल्यास दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. मुलांच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावू नये. मोठ्या माणसानेही चोवीस तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या, वर घेऊ नये, अन्यथा यकृताला इजा होते. यकृताचा विकार असलेल्याने किंवा मद्य घेणाऱ्याने त्याहूनही कमी घ्यावी. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नये.

त्या भिक्खूला पोटाचा विकार होता. जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पाजून असंख्य प्राण वाचविले. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मुलाला घोट-घोट पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाला जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी रोज याप्रमाणे १४ दिवस देतात. रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी थांबणे किंवा मूल सुस्त होणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा.

हितकर व अहितकर जाणणे

मधुमेह आता आपल्या वस्त्यांत घरोघरी आला आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही या रोगाने ग्रासले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, या स्वतः डॉक्टर होत्या. ढासळत्या प्रकृतीतच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला, आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. थोर माणसालाही पथ्य व सेवा लागते, हे यातून ध्यानात यावे.

मधुमेहाच्या रुग्णाला जास्त साखरेइतकाच, किंबहुना तातडीचा धोका साखर अचानक उतरण्याचा असतो. इन्सुलिन टोचून किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, उपोसथाचा उपवास केला, तर घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खावयास द्यावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, तात्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. भगवंतांनी आजारी भिक्खूंसाठी विनयाच्या नियमांतही सवलती दिल्या होत्या.

इन्सुलिनच्या बाबतीत एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. ४० युनिटची सिरिंज लाल टोपणाची, १०० युनिटची नारिंगी टोपणाची असते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर अडीचपट मात्रा जाते आणि जीवावर बेतते. बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचू नये. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, परंतु बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशी ठेवावी. रोज एकाच जागी टोचू नये. पायांची रोज तपासणी करावी, कारण मधुमेहीच्या पायाला जखम झालेली कळत नाही.

रक्तदाबाचे अहितकर म्हणजे "बरे वाटते" म्हणून गोळी बंद करणे. रक्तदाब वाढलेला बहुधा जाणवत नाही, तो मोजावाच लागतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, हात हृदयाच्या पातळीत असावा. अॅटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबविल्यास हृदयावर ताण येतो. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते, एनालॅप्रिलने कोरडा खोकला येतो. असे झाल्यास गोळी फेकून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे, ते दुसरी देतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडावर भार टाकतात. लोणचे, पापड, खारे मासे हे येथे खरे अपथ्य होय.

औषध घेणे आणि आजार खरा सांगणे

रुग्णाच्या या दोन गुणांची खरी कसोटी क्षयरोगात लागते. यात सहसा आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे पहिले दोन महिने आणि पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढील चार महिने देतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमके येथेच माणूस औषध सोडतो. मग उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांच्यावर ही औषधे चालेनाशी होण्याचा धोका असतो. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला भिऊ नये. परंतु डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, दृष्टी अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे हे ताबडतोब सांगावे. सरकारी केंद्रात तपासणी व औषध मोफत आहे. निक्षय पोषण योजनेखाली १ नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. त्यासाठी रुग्णाचे बँक खाते चालू असावे, एवढे तरी घरातील शिकलेल्या मुलाने पाहावे.

आजार लपविण्याचे दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस मात्र रोगी नव्हे. राष्ट्रीय सिकलसेल उन्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत, फॉलिक अॅसिडची गोळी नियमित घ्यावी. हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ठरल्या वेळी रक्त तपासावे, आणि अपत्याचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. ताप किंवा छातीत दुखणे आले तर घरी वाट पाहू नये. आपण पत्रिका पाहणे सोडले, ते योग्यच केले. आता त्या जागी सिकलसेलच्या तपासणीचा कागद पाहावयास काय हरकत आहे? वधूवर परिचय मेळाव्यात हा प्रश्न विचारणे अपमानाचे मानू नये, आणि वाहक निघालेल्या मुलीला दोषही देऊ नये, कारण तो गुण आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो.

किळस न करणे

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर माकडहाड, टाचा व खांदे येथे जखमा होतात. चादर सुरकुतलेली नसावी. कातडी ओली राहू देऊ नये. लाल झालेली जागा चोळू नये. रुग्णाला ओढू नये, चादरीसह उचलून सरकवावे. भरविताना बसते करावे, आडवे ठेवून पाजलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते.

स्पर्शालाच ज्या समाजाने विटाळ ठरविले, त्या समाजव्यवस्थेचे चटके आपल्या वाडवडिलांनी सोसले. प्लेगच्या साथीत रुग्णांना स्वतः आणीत असता त्याच रोगाने क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांचे आपण अभिवादन करतो आणि घरातील म्हाताऱ्याची चादर मात्र सुनेनेच बदलावी असे समजतो. भगवंतांनी पाणी ओतले व आनंदाने अंग धुतले, ते दोघेही पुरुष होते. घरातील मुलग्यांनी हे लक्षात घ्यावे.

मैत्रीभाव आणि धीर

उरलेले दोन गुण औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. "तुमच्यामुळे किती खर्च झाला" हे वाक्य ऐकलेला रुग्ण पुढची गोळी गुपचूप उशीखाली ठेवतो. लाभाची आशा नको म्हणताना उपकाराची जाणीव करून देणेही नको, असा त्याचा अर्थ घ्यावा. धम्मकथा म्हणजे दर वेळी प्रवचन नव्हे. जवळ बसून चार शब्द बोलणे, वंदना म्हणणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे हेही त्यातच येते.

आपल्या संस्थेने या वर्षी तीन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक पौर्णिमेला विहारात रक्तदाब व साखर तपासणी ठेवावी. समाजातील परिचारिका भगिनींकडून तरुणांचा दोन दिवसांचा गृहशुश्रूषा वर्ग घ्यावा. आणि ज्यांना कोणी नाही अशा आजाऱ्यांची यादी करून आळीपाळीने त्यांच्याकडे जाण्याची व्यवस्था लावावी. तो भिक्खू एकटा पडला होता, कारण तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंतांनी त्याची पात्रता तपासली नाही, फक्त पाणी आणावयास सांगितले. आपल्या यादीतही ही अट नसावी.

जय भीम! नमो बुद्धाय!