समोरच्या गच्चीवरचा टॉवर

प्रश्न : समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहतो आहे. त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणून आमच्या सोसायटीने विरोध सुरू केला आहे. टॉवर आमच्या खिडकीपासून साठेक मीटरवर आहे आणि घरात लहान मूल आहे. ही भीती कितपत खरी मानावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत : टॉवरमधून निघते ते काय, आणि त्यातले तुमच्या घरापर्यंत किती पोहोचते?

‘किरण’ म्हटले की आपल्याला क्ष-किरण आठवतात. टॉवरमधून निघतात त्या मात्र रेडिओलहरी, आकाशवाणीच्या लहरींच्याच जातीच्या. क्ष-किरणांत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. मोबाइलच्या लहरींची ऊर्जा साध्या उजेडापेक्षाही लाखाहून अधिक पटींनी कमी असते, त्यामुळे हे बंध त्यांना तोडता येत नाहीत. लहरी फार तीव्र असतील तर शरीर तापते, हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम. तो होऊ नये म्हणूनच मर्यादा घातलेली असते. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॅट आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून तिचा दहावा हिस्सा, म्हणजे ०.४५ वॅट, ही मर्यादा लागू केली.

मग कॅन्सरची गोष्ट आली कुठून? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. पुरावा मर्यादित होता आणि तो प्रामुख्याने फोन तासन्‌तास कानाला लावणाऱ्यांविषयीचा होता, टॉवरशेजारी राहणाऱ्यांविषयीचा नव्हे. पुढे त्याच संघटनेने करवून घेतलेला अभ्यासांचा मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

आता अंतराचे पाहू. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय अँटेना चहूकडे सारख्या लहरी सोडत नाही. खांबावरच्या त्या उभ्या, लांबट पेट्यांचा मुख्य झोत समोर, जवळजवळ आडवा जातो. म्हणून टॉवरच्या थेट खालच्या मजल्यावर लहरी कमी पोहोचतात आणि समोर, त्याच उंचीवरच्या जवळच्या घरात जास्त. यासाठीच दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत एका अँटेनासमोर, तिच्याच उंचीवर २० मीटरपर्यंत इमारत नसावी असे म्हटले आहे. अँटेना वाढल्या की अंतरही वाढते. सहा असतील तर ते ५५ मीटर होते. तेव्हा तुमच्या दिशेला तोंड करून किती अँटेना बसणार आणि त्या किती उंचीवर, हे आधी विचारा.

टॉवर हटवला की लहरी कमी होतील, असे अनेकांना वाटते. तुमच्या फोनपुरते घडते उलटेच. समोरच्याला कमी ऐकू येत असेल तर आपण आवाज चढवतो. टॉवर लांब गेला की फोनही तसाच जास्त ताकदीने लहरी सोडतो, आणि फोन तर कानालाच असतो. रेंज कमी असताना लांबलचक बोलणे टाळावे किंवा इअरफोन वापरावा, ते याचसाठी.

सोसायटीने आवाज जरूर उठवावा, पण नेमका. जुन्या गच्चीला टॉवरचा भार पेलेल का, जनरेटरचा धूर आणि आवाज कुणाच्या खिडकीत जाणार, परवानग्या आहेत का, हे प्रश्न रास्त आहेत. लहरींबद्दल शंका उरलीच, तर दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे पोर्टल सुरू केले आहे. तिथे टॉवर नियमात बसतो का ते पाहता येते, आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. घरात लहान मूल असताना काळजी वाटणे साहजिक आहे. म्हणूनच ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. मोजणी मागवा आणि आकडा मर्यादेशी स्वतः ताडून पाहा.