खर्डा कच्चाच असू दे

पुणे, १२ जुलै

चि. मृण्मयी,

दिवाळी अंकाच्या संपादकांनी दिलेली मुदत जवळ आली आहे, टिपणं तयार आहेत, तरीही लेखाचं पहिलं पान पुढे सरकत नाही, असं तू कळवलंस. ‘मला लिहिता येतच नाही बहुधा,’ असा निष्कर्षही काढलास. तुझी अडचण खरी आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. लिहिणं बहुतेक वेळा अडतं ते कुवत नसते म्हणून नव्हे. लिहिणं आणि पारखणं ही दोन वेगळी कामं आपण एकाच बैठकीत, एकाच वाक्यावर करू पाहतो, म्हणून ते अडतं. कणीक मळतानाच पोळी फुगली का ते बघायला गेलं, तर ना मळणं होतं, ना भाजणं.

हे केवळ तुला धीर द्यायला म्हणत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास माइक रोझ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या पाच जणांचं लिहिणं नेहमी अडायचं, पाच जणांचं अडत नसे. लिहिण्याची कुवत दोन्हीकडे होती. फरक होता तो त्यांनी मनाशी बाळगलेल्या नियमांत. अडणाऱ्यांपैकी कुणाला पहिल्याच परिच्छेदानं वाचकाला बांधून ठेवायचं होतं, कुणी एक वाक्य निर्दोष झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे, कुणाचा आराखडाच इतका पसरलेला की तो छोट्या निबंधात मावत नसे. नियम दुसऱ्या गटाकडेही होते, पण एखादा उपयोगी पडेना की ते तो बाजूला ठेवत. आता तुझंच पत्र पुन्हा वाच. ‘सुरुवात दमदार हवी’, ‘कुणी आधी म्हटलेलं नको’, ‘भाषा सैल वाटते’ ही तुझी तिन्ही वाक्यं परीक्षकाची आहेत. ती चुकीची नाहीत. फक्त अजून जे लिहूनच झालेलं नाही, त्याच्यावर ती निकाल देत आहेत.

यावर तू म्हणशील, मनात काही उमटल्याशिवाय खरडलेलं निर्जीवच होणार. ही शंका जुनी आहे आणि तिचा पडताळा घेतला गेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी लिहिणं अडलेल्या प्राध्यापकांचे गट केले. काहींना मन होईल तेव्हाच लिहायला सांगितलं, काहींना ठरल्या वेळी लिहिण्याचं बंधन घातलं. १९८३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की बंधनातल्या लोकांची पानं तर जास्त झालीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. म्हणजे सुचणं हे पुष्कळदा लिहिण्याच्या मागून येतं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्याचा अंक लेखकाच्या लहरीसाठी थांबत नसतो. त्या घाईची किंमत हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळाच्या रूपानं दिसते, हे मान्य करायला हवं. पण त्याच लेखनातून मराठी सामाजिक कादंबरी उभी राहिली, हेही तितकंच खरं. शिवाय तुला एक सवलत आहे जी साप्ताहिकात लिहिणाऱ्याला नसते: छापण्याआधी सगळा लेख समोर ठेवून तुला पाल्हाळ कापता येईल. कोरं पान मात्र कापताही येत नाही, सुधारताही येत नाही.

दुसरा आक्षेप मोठ्या नावांचा. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बहुतांशी पाच दिवसांत लिहिली. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेला १९१०–११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहून काढलं. मग आपणही अशा भरतीची वाट का पाहू नये? कारण त्या वेगामागे वर्षांची साठवण होती. गुरुजींच्या आठवणी लहानपणापासून त्यांच्यासोबत होत्या, आणि टिळकांचं गीतेवरचं चिंतन मंडालेच्या कितीतरी आधीचं होतं. लेखणी वेगानं चालली, पण त्या वेगासाठी ते वाट बघत बसले नव्हते. त्यांची तयारी आत चालूच होती.

यातूनच एक अपवाद निघतो. कधी लिहिणं अडतं कारण सांगण्याजोगं अजून पुरेसं हाताशी नसतं; तेव्हा ते अडणं योग्यच, आणि उपाय ग्रंथालयात आहे. शरीर थकलं असेल, मन दुखावलेलं असेल, तर आधी विश्रांती किंवा डॉक्टर. तिथे शिस्तीचा हट्ट धरू नये. फरक ओळखायचा कसा? एखाद्या मैत्रिणीला तुझा विषय दहा मिनिटं तोंडी सांगून बघ. सांगता आला, तर सामग्री पुरेशी आहे आणि अडथळा फक्त पारखण्याचा आहे. सांगता सांगता जिथे अडखळशील, तिथेच वाचन कमी आहे असं समज.

तेव्हा असं कर. रोज एक ठरावीक अर्धा तास धर, आणि तो संपला की ऊठ, चांगलं जमत असलं तरी. पुढचं वाक्य मनात असताना उठलं की दुसऱ्या दिवशी सुरुवात सोपी जाते. सुरुवात सुचत नसेल तर लेखाच्या पोटातल्या, तुला सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या भागापासून लिही. शब्द किंवा सनावळी आठवली नाही तर फुली मार आणि पुढे जा. खर्डा संपेपर्यंत मागचं वाचू नकोस. मग दोन दिवस तो बाजूला ठेव आणि त्यानंतर तुझ्यातल्या परीक्षकाला बोलाव; त्या वेळी मात्र त्याला जराही दया दाखवू देऊ नकोस, कारण चांगला लेख शेवटी तोच घडवतो. त्याला हाकलून दे असं मी म्हणत नाही, त्याची पाळी नंतरची आहे एवढंच.

पंधरा दिवसांनी जे काही झालं असेल ते, फुल्यांसकट, मला पाठव. ते चांगलं आहे का हे मी तेव्हा विचारणार नाही. पूर्ण आहे का, एवढंच बघेन.

तुझी,
सुमनमावशी