तुझा गंधार उतरलेला नाही

मिरज,
१८ जून

चि. मुक्ता हिस,


तुझा निरोप मिळाला आणि सोबतचं चित्रही पाहिलं. फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपच्या पडद्यावर आडव्या रेघा, त्यांच्यावरून नागमोडी जाणारा तुझा आवाज, आणि गंधार आला की लाल. खाली तुझा प्रश्न: ‘आत्या, सहा महिने झाले, माझा ग रोज उतरलेलाच दाखवतो. माझा कान खराब आहे का?’ फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण तेहतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला दोन वाक्यांत थांबणं जमत नाही. आणि भाचीला लांबलचक पत्र वाचायला लावायचा हक्क आत्याचा असतोच.

तू पाठवलेला यमन मी तीनदा ऐकला. मग तानपुरा काळी चारात लावला आणि त्याच्याबरोबर तो पुन्हा ऐकला. तुझा निषाद डळमळतो, तानेत श्वास चोरतेस, तीव्र मध्यमावर जायची घाई करतेस. हे सगळं खरं. गंधार मात्र जिथं असायला हवा तिथंच आहे. रेघ भलत्या जागी आहे.

सा २४० कंपनांचा धर. त्याच्याशी एकरूप होणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. तुझ्या त्या रेघा मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून आखलेल्या दिसतात. त्या हिशेबानं गंधार येतो ३०२च्याही थोडा वर. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. कागदावर क्षुल्लक, पण कानाला तसा नाही. बारा सारख्या भागांची ही युक्ती पियानोवाल्यांची. एकाच पट्ट्यांवर कुठलाही सूर सा धरून वाजवता यावं म्हणून त्यांनी प्रत्येक स्वराला थोडं थोडं सरकवून घेतलं. युक्ती हुशारीचीच होती, त्यांच्या संगीताला तिनं फार मोठं दार उघडून दिलं. तीच मोजणी पुढं हार्मोनियमबरोबर आपल्याकडं आली आणि आता तुझ्या फोनात बसली आहे. आपल्या भाषेत गाण्याच्या उंचीलाही पट्टी म्हणतात आणि रेघ मारायच्या लाकडालाही. तुझ्या फोननं दोन्हींत गल्लत केली.

गंमत पुढंच आहे. तुझ्या फोनात जो तानपुरा वाजतो, तो बहुधा खऱ्या तानपुऱ्याचंच ध्वनिमुद्रण असणार. खर्जाची तार नीट लावलेली असली, की तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो सूर, म्हणजे तिचा उपस्वर. तुझा गळा त्यालाच धरून गात होता. म्हणजे एकाच यंत्राच्या एका खिडकीतून तुला खरा गंधार ऐकू येत होता, आणि दुसरी खिडकी तो चूक ठरवत होती. तू डोळ्यांवर विश्वास ठेवलास.

याचा अर्थ फोन फेकून दे, असा घेऊ नकोस. बाबाला वाटतं मी तुला तेच सांगेन. तानपुरा काही झाडाला लागत नाही ग, तोही यंत्रच आहे. इथल्या सतारमेकर गल्लीत लहानपणी तू माझ्याबरोबर आली होतीस, लाखेच्या वासानं शिंकत होतीस. ही कारागीर मंडळी मुळातली शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली आणि फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. कानसेनं पोलाद घासणारा हात तारांखालची घोडी घासू लागला. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात सगळं छापून आलं. पण मला त्यातली कानसच सगळ्यात जास्त आवडते.

आणि तानपुऱ्याचा भोपळा! तो कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. खायच्या कामाचा नाही, म्हणूनच तो एवढा मोठा होईपर्यंत वेलावर राहतो. मोठा होताना एका कुशीवर पडून राहिला तर ती बाजू चपटी होते, म्हणून शेतकऱ्याला त्याच्याकडं लक्ष ठेवावं लागतं. मग वाळवणं, कापण्याआधी पाण्यात भिजवून मऊ करणं, आतून ताण देऊन गोलाई आणणं. भीमेला पूर आला की त्या वर्षी गल्लीत भोपळ्यांची ओरड. तुझ्या रियाजाचा नदीच्या पाण्याशी संबंध आहे, हे ॲपमध्ये कुणी कशाला सांगेल? पूर्वी घोडीला सांबराचं शिंग चालायचं. १९७२मध्ये वन्यजीवांचा कायदा आला, पुढं शिंगांचा व्यापारच बंद झाला, आणि कारागिरांनी हाड, शिसवी लाकूड, फायबर असं काय काय करून पाहिलं. जुने गवई कुरकुरले. सांबरांनी कुरकुर केली नसावी.

घोडीवरून रामन आठवले. तू इंजिनिअर होणार म्हणून हे जरा सविस्तर सांगते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जो उपस्वर मुळात स्थिर राहतो, तो त्या आवाजात येता कामा नये, असा थॉमस यंगचा नियम. अगदी मधोमध छेडलीस तर वरचा सा गायब व्हायला हवा. १९२१च्या सुमारास कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा घेऊन पाहिलं, तर हे बेटे नियम पाळेनात. जो उपस्वर नसायला हवा, तोच खणखणीत वाजतो. कारण घोडीत आहे. सतारीची काय किंवा तानपुऱ्याची काय, घोडी वरून धारदार नसते. तिला किंचित उतार असलेली रुंद पाठ असते. तार एका बिंदूवर संपत नाही. दर कंपनाला ती त्या पाठीला चाटत जाते, तिची लांबी क्षणाक्षणाला थोडी बदलते आणि उपस्वरांची कारंजी उडतात. तानपुऱ्यात तर तारेखाली सुताचा जीवा सरकवून आपण ते चाटणं कमीजास्त करतो. कुठल्याशा कारागिरानं हे कधीतरी कानसेनं शोधलं. रामन यांनी ते शास्त्राच्या भाषेत मांडलं. माझ्या मते दोघांची बुद्धी एकाच जातीची. हा प्रयोग शाळेत मी दरवर्षी करायची. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तेवढ्यापुरती गप्प बसत.

आता माझीच एक फजिती सांगते, बाबालाही ठाऊक नाही.

१९७९च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. ते स्वतः बासरी वाजवणारे, शिक्षणानं इंजिनिअर. पुढं अशा पेट्या घरोघरी गेल्या. मीही एक घेतली. वरदान वाटली. शाळेतून येऊन, कुकर लावून, वह्या तपासून जो अर्धा तास मिळायचा, त्यातली वीस मिनिटं तानपुरा लावण्यात जाईनात. पेटीचं बटण दाबलं की सा सुरू. खरा तानपुरा कपाटावर गेला, त्याच्यावर तुझ्या आजीनं गोधड्या ठेवल्या. अशी चौदा-पंधरा वर्षं गेली.

२००६चा उन्हाळा, भारनियमनाचे दिवस. एका स्नेह्यांकडं घरगुती बैठक होती, वीस-पंचवीस माणसं. मी बसले आणि वीज गेली. माझ्या पेटीत बॅटरी नव्हती. यजमानांनी मोठ्या उत्साहानं आतून तानपुरा आणला, धूळ पुसून माझ्या मांडीशी ठेवला. मी खुंटी पिळली. पंचम लागेना. जोडी लावायला गेले तर दोन तारांतली कुठली वर आणि कुठली खाली तेच कळेना. मेणबत्तीच्या उजेडात पंचवीस माणसं माझ्याकडं बघतायत आणि मी मणी वरखाली करते आहे. शेवटी मागं बसलेले एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, तानपुरा कुशीत घेतला आणि चार मिनिटांत लावून दिला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री घरी येऊन जे समजलं, तेच तुला सांगायचं आहे, म्हणून एवढा पसारा मांडला. ती वीस मिनिटं मी वाचवली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात माझी शिकवणीच तिथं होती. जोडीच्या दोन तारांत एका कंपनाचा फरक असला की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. फरक कमी होत गेला की ती लाट संथ होत जाते, आणि मग एका क्षणी थांबते. दोन तारा एक होतात. हे थांबणं रोज वीस मिनिटं ऐकत राहिल्यानंच कान तयार होत असतो. पेटीनं माझा तानपुरा लावून दिला आणि त्याच्याबरोबर माझा कान लावायचं कामही स्वतःकडं घेतलं. ते कुणी माझ्याकडून हिसकावलं नव्हतं, मीच आनंदानं दिलं होतं. कुठलंही नवं साधन हातात आलं की ते काय देतं ते दुकानदार सांगतोच. ते आपल्या हातातलं कुठलं काम काढून घेतंय, हे आपलं आपल्याला बघावं लागतं. कपडे धुण्याचं घेत असेल तर खुशाल घेऊ दे.

साधनं वाईटच करतात असंही नाही. भीमसेन जोशींचं बघ. गदगचा अकरा वर्षांचा पोरगा, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकतो. तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी, कारण मेणावर तेवढंच मावायचं. त्या मर्यादेपायी ख्यालाचं काय काय कापलं गेलं, यावर जुने लोक तासन्‌तास बोलत. पण तेवढ्याशा तुकड्यानं त्या पोराला १९३३मध्ये घराबाहेर काढलं. ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली, जालंधर अशी वणवण करून तो अखेर घराजवळच, कुंदगोळला, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी पोचला. तबकडीनं त्याला गाणं शिकवलं नाही. कुठं काय शिकायचं शिल्लक आहे ते ऐकवलं. घरी बसून तीच तबकडी हुबेहूब गाणारीही पुष्कळ मुलं तेव्हा असतील.

खाँसाहेब इथंच येऊन स्थायिक झालेले. दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात तिथं अजून गाणं होतं. तुझ्या गंधाराचं भांडणही त्यांच्यापर्यंत जातं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतला माणूस, त्यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांना येऊन मिळाले, खाँसाहेब प्रयोगांसाठी गायले, आणि हार्मोनियमची ती बारा भागांची पट्टी नको म्हणून या मंडळींनी बावीस श्रुतींची पेटीच करवून घेतली. ती रुळली नाही. रुळण्यासारखी नव्हतीही, असं माझं मत. दरबारीतला गंधार बाविसांतल्या एकाही खणात गप्प बसत नाही, तो झुलतो. पण त्यांचा तो खटाटोप मला फार आवडतो. यंत्र चूक दाखवतंय म्हटल्यावर त्यांनी गवयाचा कान तासला नाही, यंत्र उघडलं. तुला प्रोग्रॅम लिहिता येतो ना? मग त्या रेघा कुठून आल्या ते बघ, आणि शक्य असेल तर सव्वापटीवर एक रेघ तुझी तू आख. सुट्टीत करायला याहून चांगलं काम मला सुचत नाही.

फोनवर स्वतःचं गाणं मुद्रित करत जा. ते मला तुझ्या वयात मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. पण आधी ऐक, चूक कुठं झाली ते वहीत लिही, मग पडदा बघ. उलट क्रमानं नको.

तानपुरा येत्या शनिवारी बाबाच्या गाडीतून पाठवते. माझाच, गोधड्यांखालचा. गल्लीत नेऊन, घोडी घासून जवारी लावून आणली आहे. गाडीत भोपळ्याखाली उशी ठेवायला सांग आणि तारा थोड्या उतरवून ठेव. खोलीत खिडकीशी टेकवू नकोस, पुण्यात यंदा पाऊस लवकर आलाय म्हणे. खोळीच्या खिशात काळ्या सुताचं रीळ आहे, जीवा तुटला की त्यातला घाल. शिवणाचा रेशमी दोरा घालू नकोस, मी घालून बघितला आहे. खुंटी सरकू लागली तर खडूची भुकटी चोळ. तीन तारा पोलादी, चौथी पितळी. तिला जोर लावू नकोस, पटकन तुटते आणि बोटावर येते.

पहिला आठवडा गाऊ नकोस. नुसता लाव आणि उतरव. जोडीतली लाट थांबली की मला फोन कर, रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी. फोन तानपुऱ्याजवळ ठेव आणि बोलू नकोस.

तुझी,
आत्या