ऐकलेले गीत आणि गाइलेले गीत

पाठ : कलस्सै ३:१६

तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघून दरवर्षी लोणी काळभोरच्या परिसरात मुक्काम करिते. त्या दिवशी सोलापूर रस्त्यावर दोन प्रकारचे गायन कानी येते. एक मांडवांतील कर्ण्यांतून येणारे, पुष्कळदा पंडित भीमसेन जोशी ह्यांचे. दुसरे दिंडीचे, टाळमृदंगाच्या साथीचे, चालून चालून बसलेल्या गळ्यांचे.

भीमसेन हे किराणा घराण्याचे ख्यालगायक. परंतु ज्यास रागाचे नावही ठाऊक नाही, त्याच्या घरी ते अभंगाच्याच वाटेने पोहोचले. राम फाटक ह्यांनी चाल लावलेला नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ कित्येकांस त्यांच्याच आवाजात पाठ आहे. परदेशीही असेच दिसते. अमेरिकेचा एल्व्हिस प्रेस्ली नाचऱ्या गाण्यांनी गाजला, पण स्पर्धेतील तिन्ही ग्रॅमी पारितोषिके त्यास मिळाली ती ख्रिस्ती भक्तिगीतांसाठी. पहिले १९६७ च्या ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’करिता. लोकप्रिय कंठ भक्तीकडे वळला की ऐकणारा त्यास आपल्या घरचा मानू लागतो. ह्यात आम्हांस वावगे काही दिसत नाही.

मात्र भीमसेनांची बालपणीची हकिकत ध्यानात घेण्याजोगी आहे. गदगच्या ह्या मुलाने एका दुकानी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली. त्या सुरांनी तो असा वेडावला की १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ घर सोडून गेला. ग्वाल्हेर, जालंधर असा भटकून अखेर कुंदगोळास खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्या घरी राहून शिकला. तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून त्याचे समाधान झाले नाही. त्यास स्वतः गावयाचे होते.

आता पाठाकडे वळू. हे पत्र कोणा निवडक गवयांस नव्हे, तर कलस्सै येथील लहानशा मंडळीस लिहिलेले आहे. स्तोत्रे व गीते ह्यांनी एकमेकांस शिकवावे, अंतःकरणात देवाला गावे, असे प्रेषित सांगतो. ‘एकमेकांस’ ह्या शब्दावर वाचकांनी थोडे थांबावे. तबकडी आपणांस शिकवील, पण आपण तिला काय शिकविणार? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आले, असे ते स्वतः म्हणत. त्यांनी अभंगादी देशी वृत्तांत गीते रचिली ती निरक्षर बायाबापड्यांच्याही तोंडी बसली.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. एका खेड्यातील मंडळीत पेटी वाजविणारे बंधू कामानिमित्त शहरात गेले. तेव्हा आम्हीच फोनवरील तयार गीते उपासनेत लावू लागलो. आवाज गोड, ताल चोख; चार महिने सर्व सुरळीत चालले. मग एके रविवारी टिळकांची गीते तोंडपाठ असलेल्या एका वृद्ध आजीबाई दाराशी थांबून म्हणाल्या, “पाळकसाहेब, आता आम्ही देवापुढं तोंड उघडायचंच नाही का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढील रविवारी फोन खिशातच राहिला. पहिले कडवे दोन निरनिराळ्या सुरांत झाले, मुले हसली, दुसऱ्या कडव्यास पुरुषमंडळी मागे पडली. तिसरे कडवे आजीबाईंखेरीज कोणासच येत नव्हते. त्या एकट्याच गाऊ लागल्या, आणि एकेक ओळ त्यांच्यामागून आम्ही सर्वांनी म्हटली.