गोळी आत किती गेली, हे बाहेरून कसं कळतं?

प्रश्न : माझा भाचा वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरीला लागला आहे. परवा जेवताना तो म्हणाला, की परदेशात नेमबाज आपल्या रायफलीची काडतुसं घरीच भरतात आणि गोळी पुंगळीत किती खोल बसली हे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक मोजतात. माझी शंका अशी, की गोळीचा खालचा भाग आत गेला की तो दिसतच नाही, मग मोजतात कसा? आणि व्हर्निअर लावून काडतुसाची सगळी लांबी मोजली तर काय बिघडतं? आपले नेमबाजही हेच करतात का? एकदा मोजलं की कायमचं झालं का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : भाच्याने थाप मारलेली नाही. शंका चार आहेत, तेव्हा एकेक घेऊ. त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. आपण ज्याला सरसकट ‘गोळी’ म्हणतो, ते असतं काडतूस. त्यात चार वस्तू असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर गोळी तेवढी निघून जाते, पुंगळी मागे राहते. पंचनाम्यात ‘रिकाम्या पुंगळ्या’ सापडतात त्या याच. पितळ सहजासहजी खराब होत नाही, म्हणून त्याच पुंगळीत नवी टोपी, मापून दारू आणि नवी गोळी भरता येते. परदेशातले हौशी नेमबाज घरी करतात ते एवढंच.

आणखी एक गैरसमज. वरणगावला, म्हणजे आपल्या भुसावळ तालुक्यात, १९६४ पासून चालू असलेल्या या कारखान्यात इन्सास रायफलीची काडतुसं होतात. त्यांचं माप ५.५६ × ४५ असं लिहितात. पुष्कळांना वाटतं, ४५ मिलिमीटर ही काडतुसाची लांबी. तसं नाही. पहिला आकडा नळीच्या व्यासाचा आणि दुसरा नुसत्या रिकाम्या पुंगळीच्या लांबीचा. गोळीसकट अख्खं काडतूस ५७.४ मिलिमीटरपर्यंत भरतं. म्हणजे गोळी बाहेर दिसते ती साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. उरलेली आत.

ती आत किती, हे कळायला आत डोकवावं लागत नाही. शेताच्या कुंपणाला खांब रोवताना आपण काय करतो? खांब सात फुटी, वर दिसतो पाच फूट, म्हणजे दोन फूट गाडला. इथेही वजाबाकीच. समजा पुंगळी ५१ मिलिमीटर, गोळी २९ मिलिमीटर आणि दोन्ही जोडल्यावर काडतूस ७१ मिलिमीटर. ५१ आणि २९ मिळून ८०, त्यातून ७१ गेले, राहिले ९. गोळी ९ मिलिमीटर आत आहे. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत.) पहिली शंका इथे मिटली.

गंमत अशी, की काटेकोर नेमबाजाला या ९ मिलिमीटरचं फारसं कौतुक नसतं. त्याचं लक्ष गोळीच्या दुसऱ्या टोकाकडे असतं. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. लोखंडी पाइपाला आटे पाडतात तशा, पण फार लांब पिळाच्या. गोळी त्यांत रुतते, गरगर फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळे हवेत सरळ जाते. मात्र काडतूस बंदुकीच्या कोठीत बसलेलं असताना गोळी या आट्यांना टेकलेली असेलच असं नाही. पुंगळीतून सुटल्यावर तिला थोडं मोकळं अंतर ओलांडावं लागतं. ही तिची उडी म्हणू. साधारण अर्धा मिलिमीटर उडी ठेवणारे पुष्कळ आहेत. उडी प्रत्येक वेळी सारखी असली, तर गोळ्या एकाच जागी लागण्याची शक्यता वाढते. कधी लांब आणि कधी आखूड झाली, तर निशाणीवर छिद्रं विखुरतात.

‘मग खोलच बसवून टाकावी, धोका नको,’ असं कुणी म्हणेल. उलट तिथेच धोका आहे. गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते. दारू तेवढीच, जागा कमी, म्हणून दाब वाढतो. पिस्तुलाच्या आखूड पुंगळीत तर हा फरक फार जाणवतो. दुसऱ्या टोकाला, गोळी आट्यांना आधीच टेकलेली असली, तर तिला सुरुवातीची धाव मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. दाब म्हणजे किती? मोटारीच्या टायरात आपण तीसेक पौंड हवा भरतो. रायफलीच्या कोठीत क्षणभर हाच आकडा ६० हजार पौंडांच्या घरात जातो. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आता व्हर्निअरची गोष्ट. बुडापासून टोकापर्यंत लांबी मोजायला काहीच हरकत नाही आणि ती मोजतातही, कारण काडतूस मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. पण उडी त्या लांबीवरून कळत नाही. स्पर्धेसाठीच्या गोळ्यांचं टोक बारीक उघडं असतं आणि त्याची कड खडबडीत राहते. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांची टोकं मागेपुढे असू शकतात. आट्यांना टेकतं ते टोक नव्हेच. टोकाच्या बरंच मागे गोळीची निमुळती बाजू फुगत फुगत नळीच्या व्यासाइतकी होते. तो खांदा आट्यांना टेकतो. म्हणून माप तिथपर्यंतचं हवं.

हे पटवायला बंदूक लागत नाही. आमच्या गल्लीतल्या मुलांना मी पेन्सिलींवर करून दाखवलं. सारख्या लांबीच्या दोन पेन्सिली घेतल्या, एकाच शार्पनरने टोकं केली आणि एकीचं शिसं टेबलावर दाबून मोडलं. लांबीत दोनेक मिलिमीटरचा फरक पडला. मग हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला सहा नंबरचा एक नट दोन्हींच्या टोकांवरून सरकवला. छिद्र पाच मिलिमीटरचं, पेन्सिल सात मिलिमीटरची. त्यामुळे नट उतारावर एका ठरावीक जाडीला जाऊन अडकला. नटापासून पेन्सिलीच्या मागच्या टोकापर्यंत व्हर्निअर लावलं, तर दोन्ही मापं जवळजवळ सारखीच आली. एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे तुटलेली खोटं बोलते आणि नट खरं.’ मला याहून बरं सांगता आलं नसतं.

नेमबाजांचं साधन हेच करतं. व्हर्निअरच्या जबड्याला एक छोटा ठोकळा बसवतात. त्यात नळीच्या व्यासाच्या जवळपासचं छिद्र असतं. ते गोळीच्या खांद्यावर अडकतं आणि बुडापासून खांद्यापर्यंतचं माप मिळतं. एक सावधगिरी मात्र हवी. तुमच्या ठोकळ्याचं छिद्र आणि माझ्या ठोकळ्याचं छिद्र यांत सूतभर फरक असला, तर आपले आकडे जुळणार नाहीत. दोघांचेही बरोबर असतात, पण ज्याचा आकडा त्याच्याच वहीत कामाचा.

पण आपल्या रायफलीत आटे नेमके कुठे सुरू होतात, हे कसं कळायचं? त्याची एक जुनी युक्ती मला फार आवडते. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट, म्हणजे कोठी मागून बंद करणारा दांडा, बंद करतात आणि तोंडाकडून एक सपाट टोकाची सळई आत सोडतात. ती बोल्टला टेकली की नळीच्या तोंडाशी सळईवर खूण करतात. मग बोल्ट काढून मागच्या बाजूने नुसती गोळी आट्यांना टेकेल इतकी हलकेच दाबून धरतात. सळई पुन्हा आत सोडली की आता ती गोळीच्या टोकाला टेकते. तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे याच गोळीचं काडतूस आट्यांना नेमकं टेकेल ती लांबी. विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे हे पाहण्यातला हा प्रकार. आता त्याच गोळीचं खांद्यापर्यंतचं माप काढलं, की टोकाची लबाडी हिशेबातून निघून जाते.

केसापेक्षा बारीक मोजमाप ऐकून दचकू नका. ते लोक इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात. तो भाग म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरच्या खिशातलं व्हर्निअर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतं. चूक उपकरणाची कमी आणि हाताची जास्त असते. जबडा जरा जोरात दाबला की आकडा बदलला.

तुमच्या भाच्याच्या कारखान्यात हा खटाटोप एकेका रायफलीसाठी करत नाहीत. तिथलं काडतूस देशातल्या त्या जातीच्या हरएक रायफलीत बसलं पाहिजे. म्हणून माप सुरक्षित बाजूला ठेवतात आणि ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे गेजने तपासतात. रेडिमेड शर्ट आणि शिंप्याकडून शिवलेला शर्ट यांत जो फरक, तोच इथे. रेडिमेड वाईट नसतं, ते सगळ्यांना होतं एवढंच.

आपल्या नेमबाजांबद्दल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा अनेकांनी मला हाच प्रश्न केला होता. त्या स्पर्धेतलं काडतूस पॉइंट टू टूचं असतं. त्यात वेगळी टोपीच नसते, ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या दुमडीत असतं. एकदा उडालं की ती दुमड चेपते आणि पुंगळी भंगारात जाते. ते घरी भरणं शक्य नाही. हे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून उडवून पाहतात आणि ज्या लॉटशी रायफलीचं जमतं, तो साठवतात. दहा मीटरच्या एअर रायफलीत तर पुंगळीही नाही आणि दारूही नाही.

शिवाय आपल्याकडे कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यातली शिक्षा आणखी कडक झाली आहे. तेव्हा भाच्याने घरी येऊन प्रयोग करायचाच म्हटलं, तर त्याच्या हाती पेन्सिल आणि नट द्या.

आता शेवटची शंका. एकदा मोजून कायमचं होत नाही. दर बाराला तापलेला वायू आणि जळती दारू आट्यांच्या तोंडावर आदळते. पोलाद असलं तरी ते झिजतं आणि आटे कणाकणाने पुढे सरकतात. काडतूस तेच, माप तेच, पण उडी वाढलेली असते. म्हणून जाणता नेमबाज काहीशे बारांनंतर ती सळई पुन्हा काढतो आणि वहीत जुन्या आकड्याखाली तारखेसह नवा आकडा लिहितो.